मिडनाइट रॉबर जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वारसा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी कॅरिबियनमधल्या एखाद्या जुन्या सोंगाचा जतन-आराखडा लिहायचा आहे, त्रिनिदादच्या कार्निव्हलमधला ‘मिडनाइट रॉबर’ (म्हणजे मध्यरात्रीचा दरोडेखोर) निवडलाय आणि तीन टप्पे आखलेत. आधी नोंदणी, मग संग्रहालयात दालन, शेवटी युनेस्कोच्या यादीसाठी अर्ज. एवढं पुरेल का, आणि आपल्याकडच्या पोतराज-बहुरूप्यांशी त्याची सांगड घालावी का?

पुरणार नाही. हे तिन्ही टप्पे निर्विघ्न पार पडावेत आणि तरीही रस्त्यावर एकही रॉबर दिसू नये, असं सहज होऊ शकतं. सजीव वारशाच्या नोंदणीचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि असे आराखडे पुष्कळ वाचलेत. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातं: काय जपायचं हे ठरण्याआधीच कसं जपायचं याची यादी तयार असते. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

रॉबर पहिल्यांदा बघणाऱ्याची नजर टोपीवर खिळते. छत्रीएवढ्या रुंद काठाची, झालरी लावलेली, कवट्यांनी सजवलेली टोपी. खांद्यावरून खाली रुळणारी चितारलेली केप. तोंडात शिट्टी, हातात खंजीर नाहीतर पिस्तूल आणि शवपेटीच्या आकाराची छोटी पेटी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हे सोंग आकाराला आलं. अमेरिकी काउबॉय-कथांचा आणि पुढे चित्रपटांचा हात त्यात उघड दिसतो. पण हा झाला साज. सोंग सुरू होतं ते शिट्टी वाजल्यावर. रॉबर वाटेवरच्या माणसाला अडवतो आणि दरडावत बोलायला लागतो. मी जन्मलो त्या दिवशी सूर्याने उगवायचं नाकारलं, पोरवयात मी माझ्या आजीला चमचाभर पाण्यात बुडवून मारलं, अशा धर्तीच्या थापांवर थापा. भाषा बायबलची, जुन्या शालेय वाचनमालांची, चर्चमधल्या प्रवचनांची. शब्द जितका लांबलचक तितका रॉबर खूश. वसाहतीच्या शाळेत छडी खात घोकावी लागलेली साहेबी इंग्रजी इथे फुगवून, वाकवून, थट्टेवारी नेऊन साहेबाच्याच तोंडावर फेकली जाते. आफ्रिकेतून आलेली बढाईखोर वक्तृत्वाची परंपराही त्यात आहे, असं अभ्यासक मानतात.

समोरच्याने पेटीत नाणं टाकलं की सुटका. नाही टाकलं की भाषण लांबतं. आणि दुसरा रॉबर आडवा आला तर दोघांची जुंपते. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर एकमेकांना पेचात धरतात तशी शब्दांच्या फैरी झडतात आणि कोण हरलं ते भोवतीची गर्दी ठरवते.

माझ्या मते जपायची गोष्ट आहे ती हे अडवणं. त्याला काय काय लागतं ते बघा. एक अनोळखी माणूस, जो थांबायला तयार आहे आणि खेळाचा नियम ज्याला ठाऊक आहे. मिनिट-दोन मिनिटांची उसंत. बोललेलं ऐकू येईल एवढी शांतता. खिशात सुटे पैसे. आणि अर्थातच जागच्या जागी बोलणं रचणारा रॉबर. यातली एकही गोष्ट टोपीत नाही, काचेच्या कपाटात ठेवता येत नाही आणि बहुतेक आराखड्यांत तिचा उल्लेखही नसतो.

मग पुढचा प्रश्न: हे अडवणं कशामुळे विरळ झालं? ‘तरुणांना रस नाही’ हे ठरीव उत्तर आराखड्यात लिहू नका. लिहिलंत तर पुढची सगळी पानं प्रबोधनाच्या कार्यक्रमांत वाहून जातील.

सगळ्यात मोठं कारण आवाजाचं आहे. पूर्वी कार्निव्हलच्या सोमवार-मंगळवारी राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर स्टीलबँड, म्हणजे पिंपांपासून केलेली वाद्यं वाजवणारे ताफे, चालत. आवाज मोठा असे, पण बँड पुढे गेला की मध्ये पोकळी राहायची आणि त्या पोकळीत बोलकी सोंगं जगायची. साधारण १९७० च्या दशकापासून ध्वनिवर्धकांच्या भिंती लादलेले ट्रक रस्त्यावर यायला लागले, आणि सोका या तिथल्या नाचाच्या संगीताच्या त्या गडगडाटात माणसाचा उघडा आवाज हातभर अंतरावरही पोचेना. ज्या सोंगांचं काम अंगाने होतं ती तगली. ज्यांचं काम जिभेने होतं ती मागे पडली. रॉबरबरोबर ‘पिअरो ग्रेनेड’चंही तेच झालं. हा चिंध्यांच्या पोशाखातला पंडित विदूषक. लोकांनी दिलेला अवघड शब्द तो तोडून तोडून, प्रत्येक अक्षरसमूहाभोवती एक चावट गोष्ट रचत ‘स्पेल’ करून दाखवतो. त्याला तर दुहेरी फटका बसला, कारण तो मुळात ज्या फ्रेंच क्रिओल बोलीत बोलायचा ती ‘पात्वा’ त्रिनिदादमध्ये मोजक्या गावांपुरती उरली.

दुसरं कारण दोरखंडाचं. आजचा मोठा बँड, म्हणजे एकत्र सोंग घेऊन निघणारा जथा: हजारो लोक, मणी-पिसांचा आखूड पोशाख, त्याच्या किमतीतच खाणं-पिणं, आणि भोवती सुरक्षारक्षकांनी धरलेला दोर. पैसे भरलेला आत, बाकीचे बाहेर. आतला माणूस मजेत असतो आणि त्याला नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही. आयांना, आज्यांना रस्त्यावर मनमोकळं नाचता येणं हीही या कार्निव्हलची कमाई आहे. पण रॉबरला अडवायला माणूस लागतो आणि अडवण्याजोगी माणसं दोराच्या आत गेलीत. बाहेर उरलेले मोबाइल उंच धरून उभे. फोटो काढणारा माणूस उलट उत्तर देत नाही.

तिसरं कारण जरा नाजूक, कारण ते मदतीतूनच आलं. सरकारने जुन्या सोंगांकडे पाठ फिरवली असं कोणी म्हणू शकत नाही. १९५७ मध्ये कार्निव्हल विकास समिती झाली, १९९१ मध्ये कायद्याने राष्ट्रीय कार्निव्हल आयोग स्थापन झाला. पारंपरिक पात्रांच्या स्पर्धा होतात, बक्षिसं असतात. जॉन क्युपिड यांच्या पुढाकाराने ‘व्ये ला कू’ (म्हणजे ‘जुनं अंगण’) या नावाचा मेळा सुरू झाला आणि त्यात ही सगळी पात्रं एकत्र बघायला मिळतात. हे नसतं तर काही सोंगं केव्हाच गेली असती, हे आधी मान्य करू. पण स्पर्धेच्या मंचावर रॉबर कोणाला अडवणार? समोर परीक्षक बसलेले, हातात मायक्रोफोन, घड्याळ चालू. पाठ केलेलं भाषण, टाळ्या, नमस्कार. पेटी हातात असते, पण नाणं कोणी टाकत नाही. दहा-पंधरा वर्षं हेच चाललं की नवा मुलगा रॉबर म्हणजे एकपात्री स्पर्धेचा प्रकार समजून शिकतो, आणि पाठांतराचा राजा रस्त्यावर कोणी टोमणा मारला की गप्प होतो.

गोव्यातलं उदाहरण तुम्हाला जवळचं वाटेल. सासष्टीत कार्निव्हलच्या दिवसांत गावोगावी अंगणांत होणारे खेळ पुढे तिकिटाच्या रंगमंचावर गेले आणि ‘खेळ तियात्र’ म्हणून त्यांनी आपला मोठा प्रेक्षक मिळवला. कला म्हणून ते यशच आहे. मात्र अंगणातला खेळ आणि रंगमंचावरचा खेळ या आता दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकाची तिकीटविक्री ही दुसऱ्याच्या तब्येतीची खूण नव्हे. त्रिनिदादच्या बाबतीतही आकडे वाचताना हे भान ठेवा.

इतिहासाचा भाग तुमच्या मसुद्यात फार लांबलाय, तो दोन परिच्छेदांत बसतो. १७८३ नंतर आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांचे मुखवट्यांचे जलसे. १८३८ मध्ये गुलामीच्या अवशेषांतून पूर्ण सुटका झाल्यावर काळ्या लोकांनी रस्त्यावर आणलेलं मशाली, ढोल आणि लाठ्यांचं ‘कॅनबुले’. १८८१ मध्ये पोलीसप्रमुख कॅप्टन बेकरच्या पोलिसांशी झालेली दंगल. आणि १८८४ चा कायदा, ज्याने मशाली, ढोल, लाठ्या घेऊन जमणं बंद केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सान फर्नांदोजवळ मोहरमच्या मिरवणुकीतल्या भारतीय मजुरांवर गोळीबार झाला. ढोल बंद झाले तर लोकांनी बांबू आपटून ताल धरला, आणि पुढे त्या वाटेवर पत्र्याचे डबे, पिंपं येत स्टीलपॅन जन्मला. तुमच्या आराखड्यासाठी यातून घ्यायचं ते एवढंच: बंदीने ही परंपरा मेली नाही, कारण बंदी आली तरी रस्ता आणि प्रेक्षक तेच राहिले. आजची अडचण उलटी आहे. सोंगावर बंदी नाही, रस्ता आणि प्रेक्षक बदललेत.

आता उपायांकडे.

आवाजावर बोलल्याशिवाय कुठलाही उपाय वरवरचा राहील. मी आराखड्यात सगळ्यात आधी जागा आणि वेळ मागेन: कार्निव्हलच्या सोमवारी सकाळी जुन्या वस्तीतले काही रस्ते, तिथे ठरावीक तास ट्रकला मज्जाव, मंच नाही, मायक्रोफोन नाही. रॉबर, पिअरो, बेबी डॉल यांनी तिथे माणसं अडवावीत. ही शेवटची म्हणजे कडेवर बाहुली घेऊन वाटेवरच्या भल्या माणसाला ‘हे पोर तुझंच, खर्चाला पैसे दे’ म्हणून गाठणारी. या साऱ्यांचा जीव संवादातच आहे. असा तास मिळवणं म्हणजे पोलीस, नगरपालिका, बँडमालक, ट्रकवाले यांच्याशी वाटाघाटी, आणि वारसावाल्यांना नेमकं हेच काम नकोसं असतं. दालन उभारायला फीत कापता येते, रस्ता रिकामा ठेवायला शिव्या खाव्या लागतात.

याचं चालतं उदाहरण हवं असेल तर पॅरामिनकडे बघा. पोर्ट ऑफ स्पेनच्या उत्तरेला डोंगरात, कांद्याची पात आणि थाइम पिकवणारं हे गाव. पात्वा जिवंत असलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक. इथले ‘ब्ल्यू डेव्हिल’ कपड्यांना घालायची नीळ अंगभर फासतात, तोंडातून आग काढतात, डब्यांवर बडवत येतात आणि सैतानाचे पैसे दिल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. कार्निव्हलच्या सोमवारी गावाच्या चौकात त्यांचा खेळ रंगतो. तिथेही चढाओढ असते, पण ती गावाच्या उतरत्या रस्त्यावरच होते. प्रेक्षकाला खुर्ची नसते आणि निळा रंग आपल्या कपड्यांना लागणार हे गृहीत धरूनच माणूस तिथे जातो. स्पर्धा वाईट नाही, तिने खेळाची जागा बदलली की वाईट. हा फरक तुमच्या मसुद्यात स्पष्ट यायला हवा.

शिकवण्याबद्दल. तुम्ही शाळांमध्ये ‘रॉबर-भाषण पाठांतर’ ठेवायचं म्हणताय. नका ठेवू. पाठ केलेलं भाषण हे रॉबरचं कलेवर आहे. शिकवायची ती रचना: आधी जन्माची बढाई, मग विध्वंसाची यादी, मग समोरच्याला नावानिशी धमकी, शेवटी मागणी, आणि या सांगाड्यात आजचा मजकूर भरण्याची सवय. तेलाचे भाव, खड्डे, पुढारी, गुन्हेगारी, शेजारच्या काकूंचा कुत्रा, जे डोक्यात येईल ते. मग समोर एकाला बसवून त्याला मुद्दाम मध्येच तोडायला सांगायचं. जुनी भाषणं नमुना म्हणून ऐकवावीत, सांगाडा कळेपर्यंतच. त्याहूनही बरं म्हणजे मुलांना एखाद्या मुरलेल्या रॉबरच्या मागे पेटी धरून दोन हंगाम फिरवणं. गर्दीचा अंदाज, कोणाला अडवायचं आणि कोणाला नाही, म्हातारीला कितपत घाबरवायचं, दारुड्याला कसं टाळायचं, हे वर्गात येत नाही.

शिकवण्यातून सोंग उभं राहू शकतं याचा पुरावा त्रिनिदादमध्येच आहे. उंच काठ्यांवर चालणारी ‘मोको जंबी’ विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जवळजवळ नाहीशी झाली होती. १९८६ मध्ये ग्लेन ‘ड्रॅगन’ डिसूझा यांनी पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या कोकोराइटमध्ये ‘कीलेमांजारो’ ही शाळा काढली आणि वस्तीतल्या पोरांना काठ्यांवर चढवायला सुरुवात केली. संध्याकाळी पोरांनी जमावं, मोठ्यांनी लहानांना धरावं, पडावं, पुन्हा चढावं. पुढे सान फर्नांदोतही असे गट उभे राहिले आणि आज मोको जंबी बेटावरच्या सर्वांत तरुण सोंगांपैकी एक आहे. लक्षात घ्या, पोरं तिथे वारसा जपायला जात नव्हती. उंच व्हायला जात होती. रॉबरमध्ये पोराला ओढणारी अशी कोणती गोष्ट आहे? माझ्या मते मोठ्या माणसाला भर रस्त्यात थांबवून त्याची खरडपट्टी काढण्याची मुभा. पंधरा वर्षांच्या मुलाला, आणि मुलीला, याहून मोठं आमिष कोणतं? मुलीचा मुद्दा मुद्दाम काढतोय. रॉबर हे फार काळ पुरुषांचं सोंग मानलं गेलं, आता बायकाही ते घेतात. तुमच्या मसुद्यातलं ‘मूळ पुरुषी स्वरूप अबाधित ठेवणे’ हे वाक्य काढून टाका. सजीव वारशाबद्दलचा २००३ चा युनेस्को करारसुद्धा सजीव वारसा दर पिढी नव्याने घडवते असंच मानतो.

कारागिरीचा विषय मी थोडक्यात उरकतो, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. तार वाकवून सांगाडे करणारे हात कमी झालेत, बऱ्याच बँडांचे पोशाख तयार किंवा अर्धे तयार परदेशातून येतात. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या सेंट ऑगस्टीन शाखेत कार्निव्हलचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्याला कारागिरांच्या मांडवाशी, म्हणजे तिथल्या ‘मॅस कॅम्प’शी जोडून द्या. रॉबरला मात्र तारेपेक्षा पुठ्ठा, रंग आणि आठवडाभराची बैठक जास्त लागते. त्याची टोपी त्याने स्वतःच केलेली बरी.

नोंदणी करू नका असं मी म्हणत नाही. माझं पोटच त्यावर चालतं. पण काय नोंदवायचं ते बदला. डॅनियल क्रॉली या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये त्रिनिदादच्या जुन्या सोंगांचं जे वर्णन छापलं ते आजही अभ्यासकांचा आधार आहे, म्हणजे साजाची आणि मजकुराची नोंद आपल्याकडे आहे. तुटवडा आहे तो अडवण्याच्या नोंदीचा. म्हणून कॅमेरा रॉबरवर रोखू नका. दोन कॅमेरे लावा, त्यातला एक अडवलेल्या माणसावर. त्याने काय उत्तर दिलं, केव्हा हसला, पैसे काढायला किती वेळ लावला, रॉबरने त्यावर काय बदललं, हे सगळं यायला हवं. आवाजाची नोंद वेगळ्या माइकवर घ्या आणि ती ट्रकच्या गोंगाटासह घ्या, स्वच्छ करू नका. गोंगाट हाही पुरावा आहे. आणि म्हाताऱ्या रॉबरांशी बोलताना ‘तुमचं भाषण म्हणून दाखवा’ यावर थांबू नका. ‘हरलात कधी, आणि कोणत्या उत्तराने?’ असं विचारा. खरं शिक्षण त्या उत्तरांत असतं.

हक्काचा प्रश्न इथेच सोडवा, नंतर तो चिघळतो. त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या १९९७ च्या कॉपीराइट कायद्याच्या चौकटीत ‘वर्क्स ऑफ मॅस’ (मॅस म्हणजे कार्निव्हलचं सोंग) असा स्वतंत्र प्रकार आहे. रस्त्यावर असो वा मंचावर, सोंगाच्या मूळ निर्मितीला त्यात संरक्षण मिळतं. जगात असा कायदा विरळाच. पण तो एखाद्याच्या नव्या, मूळ निर्मितीसाठी आहे. रॉबर हे पात्र सगळ्यांचं, ते कोणाच्या नावावर चढत नाही. एखाद्या घरात बापाकडून लेकाकडे आलेली वाक्यं या दोन्हींच्या मध्ये लटकतात. ती तुम्ही नोंदवून संकेतस्थळावर टाकलीत तर उद्या कोणीही ती स्पर्धेत म्हणेल आणि ज्याच्या घरची आहेत तो बघत बसेल. म्हणून प्रत्येक नोंदीला बोलणाऱ्याच्या अटी जोडा: सगळ्यांसाठी खुलं, फक्त अभ्यासकांसाठी, किंवा माझ्या हयातीत बंद. आणि मानधन द्या. ज्याचं सोंगच पैसे मागण्याचं आहे त्याला प्रमाणपत्रावर बोळवू नये.

आता युनेस्को. कराराखाली तीन वाटा आहेत: तातडीने जपायच्या वारशाची यादी, प्रातिनिधिक यादी आणि चांगल्या जतन-कार्यक्रमांची नोंदवही. तुम्ही न सांगता दुसरी धरलीत, कारण बातम्या तिच्याच येतात. त्रिनिदाद आणि टोबॅगोने हा करार २०१० मध्ये स्वीकारला. प्रस्ताव सरकारच पाठवू शकतं, त्याआधी तो घटक देशाच्या सूचीत असावा लागतो, संबंधित समाजाची माहितीपूर्वक संमती जोडावी लागते, आणि दाखल केल्यापासून निर्णयापर्यंत दीड-पावणेदोन वर्षं जातात. यादीत नाव गेलं की सरकारदरबारी दार उघडतं, पर्यटन खातं फोन उचलतं. हा फायदा खरा आहे. मात्र यादी कोणाला शिकवत नाही.

डोमिनिकन प्रजासत्ताकातलं कोकोलो नृत्यनाट्य बघा. ब्रिटिश कॅरिबियन बेटांवरून उसाच्या कामाला गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी सान पेद्रो दे माकोरिस भागात जपलेली ही सोंगं. त्यांत दाविद-गोलियाथ, मोको जंबी असं सगळं येतं. २००५ मध्ये युनेस्कोने त्यांना अजोड ठेवा म्हणून घोषित केलं, २००८ मध्ये प्रातिनिधिक यादीत घेतलं. त्याच नोंदीत असंही आहे की वयस्कर कलावंतांचा एकच संच उरला आहे. म्हणजे सन्मान आला तेव्हाच पाण्याने गळ्याशी गाठलं होतं. याउलट बहामाचं जंकानू, म्हणजे तिथला सोंगांच्या मिरवणुकीचा उत्सव, २०२३ मध्ये यादीत आलं ते भक्कम गटांच्या जोरावर. तिथे वस्तीवस्तीतल्या गटांचे शेकडो लोक महिनोन्‌महिने क्रेप कागद चिकटवत बसतात. यादी त्यांच्या मागून आली.

आणि यादीतून नाव काढलंही जातं. बेल्जियममधल्या आल्स्टच्या कार्निव्हलमध्ये ज्यू लोकांची वंशद्वेषी चित्रणं आल्यावर २०१९ मध्ये ते प्रातिनिधिक यादीतून वगळलं गेलं. कार्निव्हलमध्ये टर उडवणं आलंच, पण मानवी हक्कांशी विसंगत गोष्टीला करार जागा देत नाही. रॉबर यात सहसा अडकणार नाही, कारण तो स्वतःचीच बढाई मारतो आणि वरच्यांना झोडपतो. त्याच्या शेजारची काही सोंगं मात्र, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या मूळनिवासी ‘इंडियन’ योद्ध्यांची, या चाळणीतून जातील का याचा विचार प्रस्ताव लिहिण्याआधी करावा लागेल, आणि तो त्या समाजांतल्या लोकांना बरोबर घेऊन.

राहिला पोतराज. कडकलक्ष्मीचा आसूड बघून तुम्हाला त्रिनिदादच्या चाबूकवाल्या ‘जॅब जॅब’ची आठवण झाली असणार. सॅटिनचा विदूषकी पोशाख, आरसे, घुंगरं, जाळीचा मुखवटा आणि सट्‌सट् वाजणारा चाबूक. मोह होतो, पण आवरा. पोतराज देवीच्या नावाने स्वतःच्या अंगावर कोरडे ओढतो. जॅब जॅब दुसऱ्या जॅबला आव्हान देतो, त्याचे फटके झेलतो आणि परत करतो. (ग्रेनाडातले काळं तेल फासणारे जॅब जॅब आणखी निराळे, मसुद्यात तुम्ही तिन्हींची खिचडी केलीये.) सारखेपणावरून नातं ठरत नाही. भारताचा खरा धागा हवा असेल तर तो दुसरीकडे आहे. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार करारबद्ध मजूर भारतातून त्रिनिदादला गेले, बहुतेक कलकत्त्याहून, गंगेच्या खोऱ्यातले. मराठी माणसं मॉरिशसला गेली, त्रिनिदादच्या जहाजांत मराठी वस्ती शोधून फारसं काही हाती लागणार नाही. पण मध्य त्रिनिदादच्या ऊसपट्ट्यात, कुवाच्या आसपास, चाबूकवाल्या जॅब जॅबांमध्ये भारतीय वंशाची घराणी आहेत आणि मोहरमबरोबर गेलेला ताशा तिथे ‘तासा’ म्हणून लग्नापासून कार्निव्हलपर्यंत वाजतो. तो आणि आपल्या ढोल-ताशातला ताशा एकाच कुळातले. तुलना करायचीच असेल तर ही करा, तिला कागदपत्रांचा आधार मिळेल. बहुरूप्याशी रॉबरचं साम्य मला पटतं, दोघेही दारात-रस्त्यात माणूस गाठून सोंगाच्या जोरावर पैसे घेतात. पण ते तळटीपेपुरतं ठेवा.

एक गोष्ट तुमच्या मसुद्यात अजिबात नाही: खंड. महायुद्धात १९४२ ते १९४५ कार्निव्हल बंद होतं, आणि २०२१ मध्ये महामारीमुळे झालंच नाही, २०२२ मध्ये आटोपशीर झालं. वर्षातून दोनच दिवस रस्त्यावर येणाऱ्या सोंगाला दोन हंगाम गेले की एका पोराचं पंधरा ते सतरा हे वय गेलं. १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळाने ग्रेनाडाचं कॅरियाकू बेट झोडपलं. तिथे कार्निव्हलच्या मंगळवारी गावोगावचे खेळाडू शेक्सपियरच्या ‘ज्युलियस सीझर’मधली भाषणं समोरासमोर म्हणतात आणि चुकलेल्याला फटका बसतो. घरांची छपरं उडाल्यावर पोशाख, मुखवटे कुठे राहणार? आराखड्यात ‘हंगाम बुडाला तर’ असं एक पान हवं: कार्निव्हलबाहेर, आठवडी बाजारात किंवा शाळेच्या मैदानात, महिन्यातून एकदा तरी अडवाअडवी चालू ठेवण्याची सोय, आणि साज सुरक्षित ठेवायला दुसऱ्या गावात जागा.

विद्यापीठ मोजता येणारे निकष मागेल, तर कार्यशाळा आणि प्रेक्षकसंख्या मोजू नका, त्या नेहमीच चांगल्या येतात. मी चार गोष्टी मोजेन. त्या वर्षी रस्त्यावर, मंचाबाहेर, किती रॉबर दिसले आणि त्यांतले पंचविशीच्या आतले किती. अडवलेल्या माणसांपैकी किती जणांनी उलट उत्तर दिलं. किती भाषणांत त्याच वर्षातली एखादी घटना होती. आणि दिवसअखेर पेटीत काय जमलं, हे रॉबरने स्वतः सांगितलेलं. पहिल्या हंगामात हे आकडे लहान येतील, ते तसेच छापा. दुसऱ्या हंगामाची तुलना त्यांच्याशीच करायची आहे. निधी कमी पडला तर दालन पुढे ढकला आणि ट्रकबंदीच्या तासांसाठी माणूस नेमा. नगरपालिकेच्या बैठकांना दर महिन्याला जाणारा, तिथलाच, शक्यतो एखाद्या बँडमध्ये वाढलेला.